सहावा सिलिंडर

१

चार वेगवेगळ्या सालांचे भाग घालून बांधायचं इंजिन बांधणाऱ्याला छळणार, हे फिटरबाईला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. छळाबद्दल तिची तक्रार नव्हतीच. तो कुठून सुरू होईल याचा तिचा अंदाज मात्र साफ चुकला, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

बाजारात सगळे तिला फिटरबाईच म्हणत. रस्त्याकडेच्या लांबट पत्र्याच्या शेडमध्ये पुढे ती इंजिनं बांधायची, मागच्या खोलीत तिचा नवरा लेथ चालवायचा. सत्तावीस वर्षं असंच चाललं होतं. मधलं दार कधीच लागत नसे. त्यामुळे दोघांची भांडणं लेथच्या वरताण आवाजात होत आणि शेजारचा रंगवाला हातातलं काम टाकून ती ऐके.

ट्रक तिच्या मोठ्या दिरांचा. दादांनी उमेदीची अकरा वर्षं जसा ट्रक चालवला तसलाच एक त्यांनी कुठूनतरी भंगारातून उचलून आणला होता. फुगीर बोनेट, मधोमध दुभागलेली काच, आपटल्याशिवाय न लागणारी दारं. दादांचे दोन्ही गुडघे गेले होते आणि डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती.

"त्यानंतर माझा पाय क्लच दाबेल की नाही, कुणी सांगावं?" दादा म्हणाले. "त्याआधी एकदा मला रस्त्यावर काढू दे. एकदाच. मग ठेव मला घरी बसवून."

इंजिनाचा ब्लॉक एकावन्न सालचा. वरचं हेड चौपन्नचं, खालचा क्रँक अठ्ठेचाळीसचा आणि पिस्टन साठचे. जिथून जे मिळालं ते दादांनी गोळा केलेलं.

"चार घरच्या चार जावा एका स्वयंपाकघरात," नवरा म्हणाला.

"घासावं लागेल, भरावं लागेल, शिव्या द्याव्या लागतील," ती म्हणाली.

"शिव्या द्यायला मी आहेच की हाताशी."

२

पण जे बसायला नको होतं, ते बसलं.

अठ्ठेचाळीसचा क्रँक तिने एकावन्नच्या ब्लॉकमध्ये नुसता अंदाज घ्यायला ठेवला, तर तो एका बोटाने फिरायला लागला. आठवडाभराचं काम पाऊण तासात उरकलं तर कुणालाही आनंद होईल, हिला वैताग आला. फुकटात काही बसत नाही, बसलं तर मोजण्यात काहीतरी चुकलंय, हा तिचा साधा हिशेब. तिने परत मोजलं, तेच आकडे. चष्मा पुसून पुन्हा मोजलं, तरी तेच.

मग हेड ठेवून पाहिलं. तेही बसलं. उचलून बाजूला उलटं ठेवताना तिला ओरखडा दिसला.

ब्लॉकच्या सपाट माथ्यावर एक जुना, तिरपा ओरखडा होता. तो तिने आधीच पाहिला होता. आता हेडच्या पोटावरही तसाच होता, तितकाच लांब, आरशात दिसावा तसा उलटा. दोन्ही एकमेकांवर आवळलेली असताना मधे खडा सापडून घासला गेला, तरच असे ओरखडे पडतात. पण ही दोन्ही कधी एकत्र नव्हतीच. ब्लॉक ट्रकबरोबर आलेला. हेड दोन दिवसांच्या अंतरावरून, पोत्यात शिवून आलेलं. पोतं तिने स्वतःच्या हाताने उसवलं होतं.

तिने नवऱ्याला हाक मारली. तो आला, वाकून बघितलं, बोटाने चाचपलं.

"योगायोग."

"ओरखड्यांचा?"

"माणसांची तोंडं जुळतात, ओरखडे जुळायला काय झालं?" तो म्हणाला आणि लेथकडे गेला. पण जाताना त्याने ते बोट पँटला दोनदा पुसलं.

३

पिस्टन सहा. एकाच साच्यातले, एकाच खोक्यातून आलेले. पाच आपापल्या सिलिंडरमध्ये अलगद सरकले. सहावा तोंडाशीच अडला.

"चला, सुरुवात झाली एकदाची," ती म्हणाली, आणि तिला बरंच वाटलं. अडलेलं काम तिच्या ओळखीचं होतं.

इंचाचे हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाला बाजारात थाऊ म्हणतात. डोक्यावरचा केस तीनेक थाऊ जाड असतो. नवऱ्याने लेथवर पिस्टन दोन थाऊ उतरवला आणि संध्याकाळी फडक्यात गुंडाळून तिच्या ओट्यावर ठेवला. सकाळी तिने तो सिलिंडरच्या तोंडावर धरला, तर हातातून सुटून सरळ आत पडला. खडखड वाजेल इतका सैल.

"किती उतरवलात?"

"दोन."

"दोन म्हणजे दोनच?"

"सत्तावीस वर्षांत मला दोन मोजता येईना होय?"

"चष्मा लावला होतात?"

हे वर्मी लागलं. नवऱ्याने लेथ बंद केला, हातातला बोळा कोपऱ्यात फेकला आणि दिवसभर तिच्याशी बोलला नाही. दुसरा पिस्टन मागवून तयार केला, तिच्या समोर, तिच्याच मायक्रोमीटरने मोजून. संध्याकाळी तो झकास बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी आत जाईना. तिसरा केला. चौथा केला. आठवडा संपता संपता ओट्यावर चार पिस्टन रांगेत उभे होते आणि घरात "जेवायला वाढलंय" हे वाक्य भिंतीला उद्देशून बोललं जात होतं.

४

सोमवारी तिने नवऱ्याला दोष देणं थांबवलं आणि ब्लॉकलाच दोष द्यायचं ठरवलं.

सिलिंडरची रुंदी मोजायचं गेज घेऊन ती बसली. दर तासाला सहाही सिलिंडर मोजायचे आणि खडूने शेडच्या दारावर आतल्या अंगाला आकडे लिहायचे. पाच सिलिंडरांचे आकडे दिवसभर हलले नाहीत. सहावा सकाळी अरुंद होता, दुपारी रुंद झाला, संध्याकाळी पुन्हा आवळला. चार थाऊंचा फरक.

"ऊन," नवरा म्हणाला. कामाचं बोलणं त्याने परत सुरू केलं होतं. "पत्रा तापतो, लोखंड फुगतं."

"एकाच भोकाचं?"

"तिकडच्या कोपऱ्यावर जास्त येत असेल."

तिने ब्लॉक ओढून सावलीत आणला, वरून ओलं गोणपाट टाकलं. मंगळवारी सहाव्याने दिवसात तीन फेऱ्या केल्या. बुधवारी एका चहापासून दुसऱ्या चहापर्यंत एक फेरी व्हायला लागली. गुरुवारी आकडे लिहून होईपर्यंत खोटे ठरत होते. तिने खडू दारावर आपटला. त्याचे दोन तुकडे झाले, तेही तिने लाथेने उडवले. मोजता येणाऱ्या वस्तूने असं वागू नये, एवढंच तिचं म्हणणं होतं.

५

शुक्रवारी तिने गेज आत सोडलं आणि बाहेर काढलंच नाही. नुसती बघत राहिली.

काटा हलत होता. हळूहळू चार घरं पुढे, क्षणभर थांबून चार घरं मागे. पुन्हा पुढे.

माझा हात थरथरतोय, तिने स्वतःला सांगितलं. तिने गेज पकडीत घट्ट बसवलं आणि हात मांडीवर घेतला. काटा हलतच होता. रस्त्यावरून वाहनं जातायत, त्यांचा हादरा असेल. ती थांबली. रस्ता मोकळा झाला. रंगवाल्याचा रेडिओसुद्धा बंद होता. काटा पुढे, काटा मागे. मग तिच्या लक्षात आलं की तो तिच्या श्वासाबरोबर चाललाय, आणि तिला हायसं वाटलं. अंगाचा भार ओट्यावर पडतोय, दुसरं काय. तिने श्वास रोखून धरला.

काटा थांबला नाही. तिच्या श्वासाबरोबर तो नव्हताच. तीच त्याच्याबरोबर श्वास घेत बसली होती.

"अहो," तिने हाक मारली. नवरा आला. दोघं शेजारी शेजारी उभे राहून बघत राहिले. त्याने पाच-सहा फेऱ्या पाहिल्या.

"गेजची स्प्रिंग गेलीय," तो म्हणाला. नंतर म्हणाला, "मी चहा टाकतो." या शेडमध्ये त्याने कधी चहा टाकला नव्हता.

६

दादांचा फोन आला. ऑपरेशनची तारीख अलीकडे आली होती. रडवेल्या आवाजात बोलणाऱ्यातले दादा नव्हते, पण त्या दिवशी बोलले.

"होईल, दादा," नवऱ्याने सांगून टाकलं.

फोन ठेवल्यावर ती त्याच्यावर उसळली. "काय होईल? कसं होईल? चार पिस्टन वाया गेले!"

"रुंद होईल तेव्हा घालू."

"काय बोलताय, कळतंय का तुम्हाला?"

"वारा पडला की काडी ओढतो ना आपण? तसंच. तू काटा बघ, 'आता' म्हण. मी ढकलतो."

उपाय चालणारा होता. दोघंही आयुष्यभर असंच काम करत आले होते. अडलं की वाट काढायची, का अडलं ते नंतर बघायचं. तिने काट्यावर नजर ठेवली. पुढे, मागे, पुढे.

"आता."

पिस्टन आत गेला. ढकलावा लागला नाही. पाण्याचा घोट जावा तसा गेला, आणि मागोमाग तसाच बारीकसा आवाज आला. दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं. तिने हेड चढवलं, बोल्ट क्रमाने आवळले आणि शेवटचा बोल्ट आवळताना तिला कसलीतरी लाज वाटली.

७

इंजिन सुरू करण्याआधी दाब बघायचा असतो. एकेक प्लग काढायचा, रिकाम्या भोकावर अंगठा दाबून धरायचा आणि दुसऱ्याने पुढून हँडल फिरवायचं. आतली हवा अंगठ्याला फुस्सकन उडवते. जितका जोर जास्त, तितकं इंजिन चांगलं.

ती हँडलवर, तो अंगठ्यावर. पहिला फुस्स. दुसरा फुस्स. पाचव्यापर्यंत उत्तम. नवरा कित्येक दिवसांनी हसला.

सहाव्यावर अंगठा ठेवून तो म्हणाला, "फिरव." तिने फिरवलं.

"उडवत नाहीये. आत ओढतंय."

"व्हॉल्व्ह उघडा असेल. थांबा, अजून एक फेरी."

"जोर आहे गं. बास. थांब."

"थांबले."

"अगं थांब म्हणतो ना!"

"अहो, थांबले मी!"

त्याने मान वळवून पाहिलं. ती इंजिनापासून दोन पावलं लांब, दोन्ही रिकामे हात वर धरून उभी होती. हँडल स्थिर होतं. नवऱ्याचा अंगठा भोकावर होता आणि मनगटाची शीर ओढली जात होती, सुटत होती, ओढली जात होती.

"काढा बाहेर!"

"निघत नाही." मग एकदम लहान आवाजात, "दुखत नाहीये पण."

ती पाना घेऊन धावली. काय करणार होती, ते तिलाही सांगता आलं नसतं. ती पोचायच्या आत अंगठा आपोआप सुटला.

पेरापर्यंत तो पांढराफटक होता, तासभर पाण्यात भिजल्यासारखा सुरकुतलेला. सत्तावीस वर्षं साबण, रॉकेल, लिंबू कशालाही न जुमानणारं रेषांमधलं काळं तेल साफ गेलं होतं.

"हवा अडकली असेल," नवरा म्हणाला आणि त्याने तो अंगठा मुठीत झाकून घेतला.

८

दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरून डबा घेऊन आली तर लेथ बंद होता. रस्त्यापासूनच तिला ते जाणवलं आणि तिने पाय उचलला.

शेडच्या तोंडाशी ती थबकली. नवरा उलट्या डब्यावर इंजिनाला टेकून बसला होता. सहाव्या भोकावर अंगठा, मान कलती, डोळे अर्धवट मिटलेले. तो पुढे-मागे किंचित झुलत होता. खाली हँडलला कुणी हात लावलेला नव्हता. ते एवढंसं इकडे, एवढंसं तिकडे हलत होतं.

"अहो!"

"ओरडू नकोस." त्याने डोळे उघडले नाहीत. "आत्ताच कुठं शांत झालंय."

लेक तान्ही असताना तो या आवाजात बोलायचा. त्यानंतर पंचवीस वर्षांत तिने तो आवाज ऐकला नव्हता.

डबा तिच्या हातातून पडला. तिने नवऱ्याची कॉलर पकडली आणि होता नव्हता तो जोर लावून त्याला मागे खेचलं. अंगठा सुटताना बारीक ओला आवाज झाला. त्यानंतर इंजिनातून काहीतरी आलं. आवाज म्हणावा इतकंही ते मोठं नव्हतं. पण तिचं एक पाऊल इंजिनाच्या दिशेने पडलंसुद्धा.

९

दुपारच्या गाडीने तिने नवऱ्याला लेकीकडे पाठवून दिलं. तो मूठ आवळून गेला.

मग तिने एकटीने अख्खं इंजिन खोललं. इतक्या रागाने तिने आयुष्यात काम केलं नव्हतं. बोल्ट काढून ती ते मोजूनही ठेवत नव्हती, वाटेल तिकडे फेकत होती. हेड उचललं तेव्हा पाच पिस्टन तेलाने माखलेले होते. सहावा कोरडा आणि लख्ख होता. त्या सिलिंडरची भिंत कोमट होती. तळाशी, जिथे तेल पोचतच नाही अशा जागी, थोडी ओल होती. तिने चिंधीने पुसली आणि सवयीने वास घेतला. तान्ह्या बाळाच्या गळ्याच्या वळीत दूध साचलं की येतो, तो आंबूस, उबदार वास.

चिंधी तिने रस्त्यापलीकडे नेऊन टाकली.

दादा संध्याकाळी काठी टेकत आले आणि विखुरलेले भाग बघून त्यांचा चेहरा उतरला.

"हे काय केलंस?"

"दादा, हे इंजिन बांधू नका. कुणाकडूनच नका."

"का?"

सांगण्यासारखं तिच्याकडे काय होतं? सगळा बाजार फिटरबाईच्या शब्दावर इंजिनं देत होता. "सालं जुळत नाहीत," ती म्हणाली.

"परवा तूच म्हणालीस, सगळं बसतंय म्हणून."

"बसतंय. तेच तर."

"मी उद्या आडवा होणार, आणि तू कोडी घालतेस मला?" दादांचा आवाज चिरकला. "नसेल जमत तर नाही जमत म्हण. माणसं आहेत अजून बाजारात."

सकाळी टेम्पो आला. ट्रकमागोमाग ब्लॉक, हेड, क्रँक, पिस्टन सगळं गेलं. तिला अडवता आलं असतं. टेम्पो वळणावर दिसेनासा झाला तेव्हा तिला हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याबद्दल ती बराच वेळ स्वतःवर चिडत राहिली.

१०

नवरा परत आला. लेथ सुरू झाला. जेवणं समोरासमोर बसून व्हायला लागली. त्याच्या उजव्या अंगठ्यावर मात्र तेल टिकेना. दिवसभर काम करून नऊ बोटं काळी व्हायची आणि दहावं गुळगुळीत, गोरं राहायचं. त्या विषयावर दोघं बोलत नसत.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, पैलवान मिस्त्रीचा फोन आला. पैलवान हे त्याच्या काटकुळ्या अंगावरून पडलेलं नाव. बाजाराच्या खालच्या टोकाला त्याचं गॅरेज होतं.

"वहिनी, दादांचं इंजिन माझ्याकडे आलंय. काय माल आहे! सगळं कसं एकमेकांसाठी केल्यासारखं बसलंय."

"कुठवर आलंय?"

"झालंच. दादा हॉस्पिटलातून सुटले की सुरू करायचं. म्हटलं तुम्हाला विचारावं, सहाव्याला किती ठेवला होता तुम्ही? मला दर वेळी वेगळाच..."

"पैलवान, ऐका माझं. ते आत्ताच्या आत्ता खोला. आणि त्या भोकावर अंगठा..."

"दाब पाहिला की. फर्स्टक्लास." त्याचा आवाज खाली आला, अगदी खाली. "जरा हळू बोलता का, वहिनी?"

लेथ थांबला होता. नवरा मधल्या दारात उभा होता. तो आला आणि त्याने तिच्या कानाजवळचा फोन अलगद काढून घेतला. तिला वाटलं, आता हा ओरडेल, शिव्या देईल, मी जे सांगू शकले नाही ते सांगेल.

"मी बोलतोय," नवरा म्हणाला. थोडा वेळ ऐकलं. मग हळुवार विचारलं, "दोन्ही वेळा अंगठा देतोस ना रे त्याला?"

पलीकडून काय उत्तर आलं ते तिला ऐकू आलं नाही. नवरा मान डोलावत होता. मग त्याचा चेहरा पडला, आपल्या वस्तूवर दुसऱ्याने हात ठेवल्यावर पडतो तसा. त्याने फोन ओट्यावर ठेवला आणि चपला पायात सरकवल्या.

"कुठे निघालात?"

"येतो जरा."

तिने दोन्ही हातांनी त्याच्या शर्टाची बाही धरली. तो तिच्यावर रागावला नाही. थांबला, वळला आणि तिची बोटं एकेक करून सोडवू लागला.